अज्जीची भाषा नातवाला कोण शिकवणार?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



कोल्हापूर जिल्ह्याच्या पूर्व भागात, शिरोळ आणि गडहिंग्लजच्या बाजूला, अशी पुष्कळ घरं आहेत, जिथं उंबऱ्याच्या आत एक भाषा चालते आणि उंबऱ्याबाहेर दुसरी. आत चुलीपाशी म्हातारी विचारते, 'ऊट आयता?' आणि बाहेर सोप्यात टेकलेला शेजारी विचारतो, 'जेवलास काय?' प्रश्न एकच आणि आपुलकीही तीच. या घरांतली माणसं दोन्ही भाषा सहज बोलत आली. बाजारात मराठी, घरात कानडी आणि सोयरीक ठरवताना समोरचा जी बोलेल ती. ही माणसं बाहेरून आलेली नव्हेत. पिढ्यान् पिढ्या इथंच शेती करणारी, दुकान चालवणारी, इथल्याच मराठी शाळांत शिकलेली.

या घरांत आता नातवंडांची पिढी वाढते आहे. अज्जी कानडीत बोलते, नातवाला ते कळतं, पण तो उत्तर मराठीत देतो. घरच्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. 'त्याला सगळं समजतं हो,' असं आई कौतुकानं सांगते. समजतं हे खरंच. पण अडचण तिथंच आहे. ज्याला भाषा नुसती समजते, तो उद्या आपल्या मुलाशी ती बोलणार नाही, कारण त्याच्या तोंडात ती कधी बसलेलीच नसते. आजोबा बोलले, मुलगा दोन्हीकडचं बोलला, नातवाला समजलं आणि पणतूला कळेनासं झालं, असा हा प्रवास आहे. स्थलांतर केलेल्या किंवा दुसऱ्या भाषेच्या मुलखात राहणाऱ्या घरांत जगभर हेच घडताना अभ्यासकांनी पाहिलं आहे.

यात दोष कुणाचा, हे शोधायला गेलं तर हाती काही लागत नाही. मुलगा इंग्रजी शाळेत जातो. राज्यात २०२० च्या कायद्यानं सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची झाली आहे, त्यामुळे मराठी आणि हिंदी शिकणं आलंच. चौथी भाषा कुठं घालायची, असा आईवडिलांचा प्रश्न असतो आणि तो खोटा नाही. महाराष्ट्रात कानडी माध्यमाच्या शाळा आहेत. सांगलीच्या जत आणि सोलापूरच्या अक्कलकोट तालुक्यांत त्या आजही चालतात. पण कोल्हापूर शहरात किंवा पुण्याच्या एखाद्या सोसायटीत राहणाऱ्या मुलाला त्यांचा काय उपयोग? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे दहा लाख लोकांनी आपली मातृभाषा कन्नड असल्याचं नोंदवलं. यांतली फार मोठी संख्या अशा ठिकाणी राहते, जिथं जवळपास कानडी शाळा नाही.

या नातवासाठी अलीकडं एक वाट उघडली आहे. शनिवारी किंवा रविवारी तासभर, संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर भरणारा कन्नडचा वर्ग. शिकवणारे पगारी शिक्षक नसतात. कुणी बँकेत असतं, कुणी संगणक अभियंता असतं, कुणी घर सांभाळणारी गृहिणी. समाजातल्या मुलांना आपली भाषा यावी, एवढ्यासाठी ही मंडळी सुट्टीतला तास देतात. २०२० साली करोनाची साथ आली, सगळ्या शाळा पडद्यावर गेल्या आणि अशा वर्गांना एकदम बळ मिळालं. तोवर एखाद्या गावातली चार मुलं चार दिशांना विखुरलेली असत. त्यांच्यासाठी जागा भाड्यानं घेणं परवडत नसे. पडद्यावर मात्र कोल्हापूरचा एक, ठाण्याची एक आणि मस्कतचे दोघं असा वर्ग सहज जमतो.

यातलं एक उदाहरण आपण ऐकलं असेल. दुबईत राहणाऱ्या कन्नड कुटुंबांनी मुलांसाठी 'कन्नड पाठशाळे' सुरू केली. पंतप्रधानांनी डिसेंबर २०२५ मध्ये 'मन की बात' या कार्यक्रमात तिचा उल्लेख केला आणि हजारावर मुलं तिथं शिकत असल्याचं सांगितलं. आपली मुलं तंत्रज्ञानात पुढं जाताहेत, पण भाषेपासून लांब जात नाहीत ना, या काळजीतून ती शाळा उभी राहिली. ही काळजी आपल्यालाही नवी नाही. अगदी हीच काळजी घेऊन मराठी माणसं अमेरिकेत कित्येक वर्षं धडपडत आली आहेत.

उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची शिखर संस्था म्हणजे बृहन्महाराष्ट्र मंडळ. ती १९८१ साली स्थापन झाली. तिच्या आधारानं तिथल्या अनेक शहरांत मराठी शाळा चालतात. 'शाळा' म्हटलं तरी इमारत बहुधा उसनी. कुठं मंदिराचं सभागृह, कुठं ग्रंथालयाची खोली. शिकवणारे आईबाप, तेही नोकरी सांभाळून. पुढं एकसारखा अभ्यासक्रम ठरला आणि पुण्याच्या भारती विद्यापीठाच्या सहकार्यानं परीक्षा आणि प्रमाणपत्रंही आली. प्रमाणपत्रानं भाषा येते असं नाही. पण तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला आठवडाभर शाळा, खेळ, संगीत सांभाळून रविवारी पुन्हा वर्गात बसवायचं, तर त्याला टप्पा दिसावा लागतो. कॅलिफोर्निया राज्यानं २०११ साली कायदा करून दोन भाषांत प्रावीण्य मिळवणाऱ्या विद्यार्थ्याच्या शालान्त प्रमाणपत्रावर तशी मोहोर उठवायला सुरुवात केली. नंतर इतर राज्यांनीही तो मार्ग धरला. भाषा तपासण्याच्या तिथल्या परीक्षांत मराठीही आहे आणि कन्नडही. म्हणजे घरात आजीशी बोलायची भाषा ही शाळेत मोजली जाणारी गुणवत्ता ठरली.

शिकागोतल्या किंवा न्यूजर्सीतल्या या शाळांच्या बातम्या आपण कौतुकानं वाचतो. सातासमुद्रापार मराठीचा दिवा तेवत ठेवला, असे मथळे देतो. मग इचलकरंजीतल्या एखाद्या घरानं आपल्या मुलाला रविवारी कानडीच्या वर्गाला बसवलं, तर आपल्या कपाळावर आठी का पडावी? काम तेच आहे आणि कष्टही तेच. फक्त भाषा वेगळी आणि समुद्राऐवजी मध्ये दूधगंगा-वेदगंगा.

आता या वर्गात नेमकं काय होतं आणि काय होऊ शकतं, ते पाहू.

अशा वर्गाचं सगळ्यांत मोठं देणं म्हणजे लिपी. बोलणं घरात कानावर पडतं, पण अक्षर कानावर पडत नाही. ते कुणीतरी बोट धरून दाखवावं लागतं. आपल्याकडच्या पुष्कळ कानडी घरांत आजोबाही कानडी नुसती बोलतात. त्यांची शाळा मराठीत झालेली असते, त्यामुळे कन्नड वाचायचं म्हटलं की तेही थांबतात. अशा घरात नातू दहा महिन्यांत कन्नड वाचायला लागला, तर तो घराण्यातला गेल्या दोन पिढ्यांतला पहिला वाचणारा ठरतो.

आणि मराठी शिकलेल्या मुलाला ही लिपी वाटते तितकी परकी नाही. देवनागरी आणि कन्नड या दोन्ही लिपींचं मूळ ब्राह्मीत आहे. अक्षरांची वळणं वेगळी, पण ओळ तीच. क, ख, ग, घ याच क्रमानं कन्नड वर्णमाला चालते. आपली बाराखडी, तिला तिथं 'कागुणित' म्हणतात. आपला ळ तिथंही आहे. हिंदी भाषकाला तो शिकवावा लागतो, मराठी मुलाला नाही. म्हणून मुलानं फक्त आकार ओळखायचे असतात, मांडणी त्याच्या डोक्यात आधीच असते.

अडतं ते तीन-चार ठिकाणी. पहिलं म्हणजे जोडाक्षर. कन्नडमध्ये दुसरं व्यंजन लहान होऊन पहिल्याच्या खाली बसतं आणि कित्येकदा त्याचं रूप बदलतं. दुसरं, ऱ्हस्व आणि दीर्घ 'ए'. मराठीत 'ए' एकच. कन्नडमध्ये 'बेळे' हा शब्द आखूड 'ए'नं उच्चारला तर पीक आणि लांबवला तर डाळ. देवनागरीत दोन्ही सारखेच दिसतात. कन्नड लिपीत दोन वेगळी चिन्हं आहेत. तिसरं, शब्दाच्या शेवटचा 'अ'. आपण 'राम' म्हणताना 'म' तोडून टाकतो, कन्नडमध्ये तो पूर्ण उच्चारायचा. मराठी वळणाचं मूल तिथं हमखास चुकतं. एका बाबतीत मात्र त्याला सुखच आहे. मराठीत खुर्ची 'ती', दरवाजा 'तो' आणि कपाट 'ते'. कन्नडमध्ये निर्जीव वस्तूंना एकच लिंग. मराठी शिकणारी कानडी म्हातारी आयुष्यभर जिथं अडखळते आणि आपण हसतो, तिथं नातवाला काही पाठच करावं लागत नाही.

पुस्तकांचीही वाण नाही. आपल्याच राज्याची बालभारती, म्हणजे १९६७ साली स्थापन झालेलं पाठ्यपुस्तक मंडळ, कन्नड माध्यमाच्या मुलांसाठी पाठ्यपुस्तकं काढतं. ती संकेतस्थळावर पाहायलाही मिळतात. महाराष्ट्रातल्या मुलासाठी ती अधिक जवळची, कारण त्यांतली गावं, सण, माणसं आपल्याकडची असतात. परदेशातल्या मुलांसाठी केलेली चकचकीत पानं जरूर वापरावीत, पण जत-अक्कलकोटच्या मुलांच्या हातातलं पुस्तक आपल्या मुलानं वाचलं, तर भाषा पुस्तकातून उठून शेजारच्या तालुक्यात जाते.

आता वर्गाला काय जमत नाही, तेही स्पष्ट बोलायला हवं. साधा हिशेब करा. आठवड्याला एक तास, सुट्ट्या-परीक्षा वगळून वर्षाचे चाळीस आठवडे. झाले चाळीस तास. मूल दिवसाचे चौदा तास जागं असतं असं धरलं, तर वर्षातले जेमतेम तीन दिवस. तीन दिवसांत कुणाला भाषा आली आहे? उलट घरात रोज पंधरा मिनिटं अज्जीशी कानडीतच बोलायचं असं ठरवलं, तर वर्षाला नव्वद तासांवर होतात. म्हणजे वर्गाच्या दुपटीहून अधिक, आणि तेही फुकट.

जोशुआ फिशमन नावाचे अमेरिकेतले भाषाशास्त्रज्ञ होते. मागं पडणाऱ्या भाषा सावरता कशा येतील, यावर त्यांनी जन्मभर काम केलं आणि १९९१ साली त्यावर मोठा ग्रंथ लिहिला. त्यांच्या सांगण्याचा गाभा असा की, शाळा, वृत्तपत्र, सरकारी मान्यता हे सगळं हवं, पण आईबापांकडून मुलाकडे घरात भाषा जात नसेल तर बाकीच्या गोष्टी तिला फार काळ धरून ठेवू शकत नाहीत. कन्नडला २००८ साली अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, आपल्या मराठीला २०२४ साली. दोन्ही वेळा आनंद झाला आणि व्हायलाच हवा होता. पण अभिजात दर्जा जेवणाच्या ताटापाशी येऊन बोलत नाही. तिथं माणसानंच बोलावं लागतं.

म्हणून मला वाटतं, वर्गात मुलाचं नाव घालताना आईवडिलांनी स्वतःशी एक करार करावा. वर्ग अक्षर देईल, बोलणं आम्ही देऊ. एक वेळ ठरवावी. रात्रीचं जेवण असेल, नाही तर अज्जीला रोजचा फोन असेल. त्या वेळात कानडीच. मूल चुकलं तर हसायचं नाही, हा त्यातला सगळ्यांत अवघड नियम. मुलं भाषा सोडतात ती बहुतेकदा कंटाळ्यानं नव्हे, लाजेनं. मामाच्या गावाला गेल्यावर चार भावंडं आपल्या उच्चारावर हसली की मूल पुन्हा तोंड उघडत नाही. एक वाक्य नीट बोलल्याबद्दल अज्जीनं पाठीवरून हात फिरवला, तर तेच मूल दुसरं वाक्य जुळवायला बसतं.

दुसरं, शिकवणाऱ्यांविषयी. आईवडील त्यांना गृहीत धरतात. फी नाही म्हणून मूल गैरहजर राहिलं तरी कळवायची गरज वाटत नाही. जून महिन्यात वीस मुलं, दिवाळीनंतर बारा आणि संक्रांतीला सात, अशी गळती लागते. शिकवणारी बाई तरीही त्या सातांसाठी आदल्या रात्री चित्रं काढून ठेवते. असे वर्ग बंद पडतात ते पैशावाचून क्वचितच. शिकवणारा एकटा पडला आणि थकला म्हणून पडतात. त्यावर उपाय साधे आहेत. एका वर्गाला दोन शिक्षक असावेत, म्हणजे एकाच्या घरी लग्न असलं तरी वर्ग चालतो. वर्ग दहा-बारा मुलांहून मोठा नको, नाही तर पडद्यावर प्रत्येकाला बोलायची पाळीच येत नाही. सहा वर्षांचं आणि बारा वर्षांचं मूल एकत्र बसवू नये. जे पालक शिकवू शकत नाहीत, त्यांनी हजेरी ठेवावी, निरोप द्यावेत, वर्षातून दोनदा मुलांना प्रत्यक्ष भेटवण्याची सोय करावी. पडद्यावर ओळखलेली मुलं खिद्रापूरच्या देवळात एकत्र आली, तर केवढी गंमत होईल!

खिद्रापूरचं नाव मी मुद्दाम घेतलं. आपल्या शिरोळ तालुक्यातल्या त्या कोपेश्वराच्या देवळात जुन्या कन्नडमधले शिलालेख आहेत. शिलाहार राजांच्या काळात या भागात कन्नड ही लेखांची भाषा होती. ज्ञानेश्वरांनी पंढरीच्या विठ्ठलाला कानडा म्हटलं, ते आपण शतकानुशतकं गात आलो. आपल्या बोलण्यातले अक्का, अण्णा, जेवणातलं तूप आणि पानाच्या तबकातला अडकित्ता हे सगळे शब्द कन्नडशी नातं सांगतात. तेव्हा कोल्हापुरात कानडी शिकणं म्हणजे काही परकं पीक आणून लावणं नव्हे.

तरीही प्रश्न येतोच. सीमाभागातल्या मराठी माणसाला आपल्या भाषेसाठी इतकं झगडावं लागत असताना इथं कानडीचं कौतुक कशाला? या प्रश्नामागची वेदना खरी आहे. १९५६ ची राज्य पुनर्रचना झाली आणि बेळगाव, निपाणी, कारवारकडची मराठी माणसं दुसऱ्या राज्यात गेली. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्याचा निकाल न्यायालय देईल. पण मला उलट दिसतं. कर्नाटकात वीस लाखांवर लोकांची मातृभाषा मराठी आहे. त्यांच्या मुलांना मराठी शिकता यावी, ही मागणी आपण ज्या न्यायानं करतो, तोच न्याय आपल्या दारातल्या कानडी मुलाला लावला, तर ती मागणी अधिक बळकट होते. इथं एक माप आणि तिथं दुसरं, असं चालणार नाही. बेळगावच्या मराठी मुलासाठीही पडद्यावरचा असाच वर्ग आपल्याला चालवता येईल आणि तो आपण चालवायलाही हवा.

दुसरी भाषा शिकल्यानं पहिली बुडत नाही, याला आपल्याच परिसरात मोठमोठे दाखले आहेत. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे यांचं घर मराठी. धारवाडला वाढले, कन्नडमध्ये लिहिलं आणि १९७३ चा ज्ञानपीठ पुरस्कार त्यांच्या कन्नड कवितेला मिळाला. हेच बेंद्रे सोलापूरच्या महाविद्यालयात बारा वर्षं कन्नडचे प्राध्यापक होते आणि मराठीतही लिहीत होते. चिकोडीजवळच्या सदलग्याचे आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अर्धमागधी शिकवत. प्राकृतचे जगन्मान्य पंडित, आणि १९६७ साली श्रवणबेळगोळच्या कन्नड साहित्य संमेलनाचे अध्यक्ष. ज्ञानपीठ मिळवणारे आणखी एक कन्नड कवी विनायक कृष्ण गोकाक हे तर याच राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य होते. कोल्हापूरनं त्यांना कधी परकं मानलं नाही.

श्रोतेहो, आपल्या घरात किंवा शेजारी अशी अज्जी असेल, तर तिचं वय काय आहे ते एकदा मनात आणा. वर्ग पुढच्या वर्षीही निघतील, पुस्तकंही मिळत राहतील. पण अंगाईतले, दृष्ट काढण्याचे, रागावण्याचे आणि समजूत घालण्याचे शब्द कुठल्याच पाठ्यपुस्तकात पूर्णपणे नसतात. ते तिच्याकडं आहेत. वर्गात शिकलेल्या अक्षरांत नातवानं ते लिहून घ्यावेत. मुलाला एक वही द्या आणि रोज अज्जीला एक शब्द विचारायला सांगा. वर्षअखेर तीनशे पासष्ट शब्द होतील. तिला वाचता येत नसेल, तर त्यानंच ते तिला वाचून दाखवावेत.